उतरता काटा

शकुंतलाबाई डॉक्टरांच्या मोटारीवर हिंदुराव लागला तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती. त्या काळात सोलापुरात मोटारी हातावर मोजण्याइतक्या. त्यांच्यावरचे ड्रायव्हर बहुतेक तरणेताठे, तिरपी टोपी घालणारे, विनाकारण भोंगा वाजवणारे. हिंदुराव भोंगा वाजवायचाच नाही. समोर म्हैस आली तर म्हैस जाईपर्यंत थांबायचा.

गडी मूळचा मोहोळकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. भावांमध्ये रान पुरेना, म्हणून मिसरूड फुटायच्या आत सोलापूरला आला आणि गिरणीच्या बायलरवर कोळसा ओढायला लागला. कोळसा ओढता ओढता भट्टी सांभाळायला शिकला, आणि मग वीरभद्रप्पाच्या हाताखाली बायलरच सांभाळायला लागला. वीरभद्रप्पा बायलरवरचा जुना उस्ताद, अक्कलकोटकडचा लिंगायत माणूस. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायचा. त्यानं हिंदुरावला धाकट्या भावासारखं वागवलं.

एका सकाळी वाफेच्या दाबाचा काटा तांबड्या खुणेच्या वर सरकला. जादा वाफ सोडून देणारी झडप अडकून बसली होती. वीरभद्रप्पा ती सोडवायला धावला आणि तेवढ्यात नळीचा सांधा उडाला. वाफेनं त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत सोलून काढला. जीव वाचला, पण हात कामातून गेला. हिंदुराव हाकेच्या अंतरावर फावडं घेऊन उभा होता. त्या दिवसापासून एक गोष्ट त्याच्या हाडात जाऊन बसली: काटा चढला की भ्यायचं, काटा उतरला की श्वास सोडायचा. पुढं कितीतरी वर्षं रोज सकाळी तो त्याच तबकडीपुढं उभा राहिला आणि हेच करत राहिला.

मग गिरणीत विजेची यंत्रं आली आणि जुने बायलर थंड पडले. हिंदुराव घरी बसला. शेजारचा गुंडा भाड्यानं उतारू नेणारी सर्व्हिस मोटार चालवायचा. त्याची बायको आणि हिंदुरावची बायको सोजरबाई एकाच नळावर पाणी भरायच्या. तिथंच दोघींनी ठरवून टाकलं की हिंदुरावला मोटार शिकवायची. "आग आन् पाणी सांभाळलंय आमच्या मालकानं, मग ही काय हाय?" असं सोजरबाई म्हणाली. गुंडानं शिकवली. परवाना मिळाला. आणि शकुंतलाबाईंना शांत डोक्याचा माणूस हवाच होता.

शकुंतलाबाई मुंबईला शिकून आलेल्या. नव्या पेठेत त्यांचं लहानसं प्रसूतिगृह होतं. अडलेल्या बाईसाठी तालुक्याहून बोलावणं यायचं, ते आगगाडीच्या वेळेसाठी थांबणारं नसायचं. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका साहेबाची जुनी, कापडी टपाची अमेरिकन गाडी घेतली. गाडी पोचवायला आलेल्या माणसानं चाकापुढच्या फळीवरच्या तबकड्या दाखवल्या. "हा वेग. हा विजेचा. आणि हा तेलाचा दाब. याच्याकडं लक्ष ठेवत चला." एवढं बोलून तो स्टेशनवर निघून गेला.

दाब म्हटल्यावर हिंदुरावनं मान हलवली. दाब त्याला कुणी शिकवायला नको होता. त्याला एवढंच विचारायचं होतं की तांबडी खूण कुठं आहे. पण विचारीपर्यंत माणूस फाटकाबाहेर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं आणि तो काटा एकदम पन्नासाच्या वर चढला. हिंदुरावच्या कानामागं घाम आला. त्यानं गाडी जागेवरून हलवली नाही. नुसता बसून राहिला. हळूहळू इंजिन तापलं, काटा खाली आला, तेव्हा त्यानं मोकळा श्वास घेतला आणि गाडी बाहेर काढली. मग हा रोजचाच शिरस्ता झाला. काटा उतरल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडायची नाही.

शकुंतलाबाई मागच्या सीटवर बसल्या की विचारायच्या, "कसा आहे दाब?"

"उतरला बाई."

"छान. चला मग."

त्यांनाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. त्यांच्या टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. दिवस भरत आलेल्या बाईचा दाब चढला की झटके येतात, आई आणि मूल दोन्ही हातचे जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दाब चढला की काळजी, उतरला की समाधान. मोटार झाली म्हणून काय वेगळं असणार? असे ते दोघं, आपापल्या धंद्यातून एकाच चुकीवर येऊन, वर्षभर सुखानं हिंडले.

चैत्रात करकंबहून आबासाहेबांचा माणूस आला. आबासाहेब तिथले मोठे बागायतदार. सुनेला कळा सुरू होऊन रात्र उलटली होती, सुईणीनं हात टेकले होते. शकुंतलाबाईंनी पेटी उचलली. हिंदुराव निघाला.

वाटेत एका ओढ्यात उतरताना गाडीच्या पोटाला दगड लागला. खडकन आवाज झाला. हिंदुरावनं थांबून वाकून पाहिलं, पण गाडीखाली आधीच चिखलाची ओल होती, त्यात काही दिसलं नाही. गाडी नीट चालत होती. ते पुढं निघाले.

मोहोळ मागं पडलं. ऊन असं की रस्त्यावरची हवा पाण्यासारखी हलत होती. काटा थरथरायला लागला. एकदा खाली जाऊन वर आला. मग सावकाश उतरत गेला, इतका खाली की हिंदुरावनं तो तिथं कधी पाहिलाच नव्हता.

"बाई, आज दाब लई खाली हाय."

"किती?"

"धाच्याबी खाली."

"एवढ्या उन्हात? वा."

"व्हय की. मानवलंय ऊन गाडीला," हिंदुराव म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलं. बाईंना लवकर पोचवायचं होतं. त्यानं गाडीला थोडा वेग दिला.

काटा शून्यावर टेकला. मग इंजिनाच्या आत कुणीतरी हातोडी मारायला लागल्यासारखा आवाज सुरू झाला. ठक, ठक, ठक. हिंदुरावनं पाय काढेपर्यंत आवाज दुप्पट झाला, करपल्याचा वास आला, आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. त्यानं हँडल मारून पाहिलं. हँडल जागचं हललं नाही. जणू आत सगळं एकमेकांना चिकटून गेलं होतं.

नशिबानं मागून एक सर्व्हिस मोटार आली. शकुंतलाबाई पेटी घेऊन तिच्यात चढल्या. "गाडीचं नंतर बघू, हिंदुराव. तुम्ही सावलीला बसा," एवढंच त्या म्हणाल्या. सर्व्हिस मोटारीची धूळ बसली आणि रस्त्यावर कुणी उरलं नाही.

सावली कडूलिंबाची होती, पण हिंदुराव तिथं बसला नाही. त्यानं तेल मोजायची दांडी उपसून पाहिली. ती कोरडी. मग तो आलेल्या वाटेनं मागं चालत गेला. रस्त्याच्या पांढऱ्या फुफाट्यात तेलाचे काळे ठिपके पडले होते, दूरपर्यंत, एका रेघेत. दगडानं गाडीचं पोट फुटलं होतं हे त्याला कळलं. तेल गेलं हेही कळलं. पण काटा? काटा तर सारखा चांगलंच सांगत होता. आपल्या घरच्या माणसानं तोंडावर खोटं बोलावं तसं त्याला झालं. आणि तिकडं करकंबला ती पोरगी वाट बघत असेल, हे मनातून जाईना.

ऊन कलल्यावर आबासाहेबांच्या छकड्यातून शकुंतलाबाई परत आल्या. बरोबर गाडी ओढायला दोन बैल पाठवले होते. हिंदुरावनं गाडीचं काही न बोलता विचारलं, "बाळंतीण?"

"सुटली. मुलगा झाला. दोघं बरी आहेत." बाई छकड्यातून उतरल्या आणि जरा थांबून म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. जे होतं तेच सांगितलं. पण हिंदुरावनं ते वाक्य मोहोळपर्यंत बैलांच्या बरोबर चालत नेलं.

मोहोळहून गाडी दुसऱ्या मोटारीमागं बांधून सोलापूरला तिप्पण्णाच्या कारखान्यात आणली. तिप्पण्णा मिस्त्री बोलायला तिखट, पण हातात गुण असलेला. त्यानं इंजिन उघडलं. आतला फिरता दांडा पेलणाऱ्या बेअरिंगांवरचं पांढऱ्या धातूचं अस्तर वितळून वाहून गेलं होतं. त्यानं त्यातला उरलेला एक तुकडा हातावर घेऊन हिंदुरावपुढं धरला.

"काटा बघत न्हवतास काय?"

"बघत होतो की."

"मग काय दाखवत होता?"

"काय न्हाय. पार उतरला होता."

"उतरला होता, आन् तू गाडी चालवत होतास?"

"उतरल्यावर कशाला थांबवायची?" हिंदुराव म्हणाला. "चढला आसता तर थांबवली आसती."

तिप्पण्णाच्या हातातला तुकडा तसाच राहिला. तो हिंदुरावकडं बघत राहिला, थट्टा करतोय की काय म्हणून. पण हिंदुरावच्या तोंडावर थट्टा नव्हती. तिप्पण्णा काहीतरी तिखट बोलणार, एवढ्यात मागं उभ्या असलेल्या शकुंतलाबाई पुढं आल्या.

"मिस्त्री, मीही तेच समजत होते. दाब कमी झाला की मी छान म्हणायचे. तेव्हा बोलायचं ते दोघांना बोला."

आता डॉक्टरीणबाईंना काय बोलणार? तिप्पण्णानं एक पिंप उलटं घातलं, बाईंना बसायला दिलं आणि समजावून सांगायला लागला. इंजिनाच्या पोटात तेल असतं. पंप ते उचलून बारीक वाटांनी बेअरिंगांपर्यंत रेटतो. धातू धातूला लागू नये म्हणून मध्ये तेलाचा पापुद्रा राहतो. काटा सांगतो तो त्या रेट्याचा. सकाळी तेल घट्ट, म्हणून रेटा जास्त. तापलं की पातळ, म्हणून कमी. त्यात भ्यायचं काही नाही. पण चालता चालता काटा थरथरला, पडला, तर पंपाला तेल मिळत नाही असं समजायचं आणि तिथल्या तिथं इंजिन बंद करायचं. मैलभर पुढं नाही, तिथल्या तिथं.

"म्हणजे रक्तस्रावासारखं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीचं रक्त जात राहिलं की दाब उतरतो. तेव्हा उतरलेला दाब सगळ्यात वाईट. हे मला सुचायला हवं होतं."

 बाईंना कळलं हे हिंदुरावला दिसलं. त्यालाही डोक्यानं कळलं होतं.

पण डोक्यानं कळून भागेना. गाडी दुरुस्त होऊन आली आणि पहिल्याच सकाळी काटा चढला तसा त्याचा हात इंजिन बंद करायच्या कळीकडं गेला. मग दुसरीच तऱ्हा झाली. बाजारात टांग्यामागं गाडी उभी राहिली, इंजिन मंद झालं, काटा खाली आला, आणि हिंदुरावनं झटकन इंजिन बंद केलं. तेल बघितलं, पुरतं होतं. हँडल मारलं. पुढच्या टांग्यामागं पुन्हा तेच. मागचे टांगेवाले ओरडायला लागले. एकानं तर विचारलं, गाडी हाय का रुसलेली बायको? चढला तरी भीती, उतरला तरी भीती. घरी आला तरी त्याचं चित्त जाग्यावर नसायचं. सोजरबाईनं भाकरी पुढं ठेवली तर तो ताटाकडं बघत बसायचा.

"न्हाय जमत तर सोडा की," ती म्हणाली.

"जमंल," तो म्हणाला. पण सोडावं असं त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. करकंबसारखं पुन्हा झालं, आणि या वेळी मागून कुणी आलं नाही तर?

एका रविवारी तो वीरभद्रप्पाकडं गेला. म्हातारा आता लेकाकडं राहायचा. अंगणात बाजेवर बसून डाव्या हातानं पान लावत होता. हिंदुरावनं त्याला सगळं सांगितलं. वाफेचा काटा, तेलाचा काटा, टांगेवाले, सगळं. वीरभद्रप्पानं पान लावता लावता ऐकून घेतलं. मग विचारलं,

"बायलरला काटा एकच होता काय रं?"

"एकच की. वाफेचा."

"आन् काचेची नळी?"

बायलरच्या तोंडावर काचेची एक उभी नळी असायची. आत पाणी कुठपर्यंत आहे ते तिच्यात दिसायचं.

"ती होती," हिंदुराव म्हणाला.

"तिच्यातलं पाणी उतरलं तर काय करायचास?"

"आग वढून काढायचो भाईर. पाणी न्हाय आन् आग हाय म्हंजे बायलर फुटणार..." हिंदुराव बोलता बोलता थांबला.

"नीरु!" म्हातारा म्हणाला, आणि हसला. "पाणी! वाफेपेक्षा मी त्या नळीलाच जास्त भ्यायचो. तुझ्या डोक्यात माझा भाजलेला हात बसलाय म्हणून तू नुसती वाफच धरून बसलास."

हिंदुराव बाजेच्या कडेवर टेकला. कितीतरी वर्षं तो दर घटकेला त्या काचेकडं बघत आला होता. बायलरात पाणी भरणारा पंप हळू चालला तर पाणी जरा खाली दिसायचं, त्याला तो कधी भ्यायला नव्हता. पण पाणी काचेतून नाहीसं व्हायला लागलं तर कुणाला न विचारता आग काढायची, हे त्याला झोपेतही माहीत होतं. ती भीती त्याच्याजवळ पहिल्यापासून होती. तेलाच्या काट्यात तो काचेची नळी न बघता वाफेची तबकडी बघत होता, इतकंच.

"पान खाणार?" वीरभद्रप्पानं विचारलं.

"द्या," हिंदुराव म्हणाला. त्या दिवशी तो तिथंच जेवला.

नंतर मात्र गाडी त्याला उमगत गेली. सकाळी काटा पन्नासावर, तापल्यावर सडकेला पस्तिसाच्या आसपास, टांग्यामागं उभी असली की बारा-पंधरा, आणि पायानं जरा जोर दिला की पुन्हा वर. कुठल्या उन्हात किती, चढावर किती, हे पाठ करायला लागलं नाही, आपोआप झालं. शकुंतलाबाई अजूनही विचारायच्या, पण आता तो "उतरला" असं न सांगता "हाय तिथं हाय" म्हणायचा.

मार्गशीर्षात अक्कलकोटच्या पुढच्या एका गावाहून बोलावणं आलं. कमलम्मा नावाच्या बाईची सून अडली होती. थंडी होती, रस्ता मोकळा होता. अर्ध्या वाटेवर काटा एकाएकी पडला. थरथर नाही, काही नाही, सरळ शून्यावर. हिंदुरावनं त्याच क्षणी इंजिन बंद केलं. गाडी आपल्या वेगानं घरंगळत बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" मागून बाईंनी विचारलं.

"काटा पडला बाई. बघतो."

त्यानं दांडी काढली. तेल होतं, नेहमीपेक्षा बोटभर कमी. इंजिनावरचं झाकण उघडलं तर एका बाजूला सगळं तेलानं माखलेलं. तबकडीकडं जाणारी तांब्याची बारीक नळी सांध्यापाशी तुटली होती. हिंदुराव तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बाईंना खाली उतरायला सांगितलं.

"मी हँडल मारतो. इंजिन लागलं की ह्या तुटक्या टोकाकडं बघा. आन् मी सांगितलं की ही कळ फिरवून बंद करा."

इंजिन लागलं. नळीच्या तुटक्या टोकातून तेलाची धार फर्रकन उडाली आणि बाईंच्या लुगड्यावर पडली.

"करा बंद!"

बाईंनी कळ फिरवली. "हिंदुराव, हे फार वाईट दिसतंय."

"न्हाय बाई, चांगलं हाय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात घाई नव्हती. "धार उडतीय म्हंजे पंप तेल रेटतोय. इंजिनाला पोचतंय. खबर देणारी नळीच तेवढी तुटलीय. पण हिच्यातनं असंच तेल गेलं तर खरंच संपंल."

त्यानं तांब्याचं टोक दुमडलं, दगडावर धरून हातोडीनं चेपलं, पुन्हा दुमडलं, पुन्हा चेपलं. गाडीत ठेवलेल्या डब्यातलं तेल ओतलं. इंजिन लावलं. धार बंद झाली होती.

"पण आता काटा काहीच सांगणार नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मोहोळच्या पुढं आपण उभे राहिलो होतो तसं..."

"तसं न्हाय व्हनार असं सांगत न्हाय," हिंदुराव म्हणाला. "पण सावकाश जाऊ. थांबून थांबून दांडी बघू. आन् आवाज ऐकत जाऊ. निघायचं का, तुमी सांगा."

बाईंनी अक्कलकोटच्या दिशेला पाहिलं. मग त्या मागच्या सीटवरची पेटी उचलून पुढं, त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"चला. मीही ऐकते."

दोन वेळा ते थांबले, दोन्ही वेळा तेल जागेवर होतं. दुपार व्हायच्या आत ते पोचले. कमलम्मा दारातच उभी होती. बाईंच्या लुगड्यावरचे काळे डाग बघून ती घाबरली, मग कानडीत काहीतरी बोलत त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. हिंदुरावनं राखेनं हात घासले, तरी नखांतलं तेल निघालं नाही. कुणीतरी त्याला ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणून दिली. गाडीभोवती गावातली माणसं जमली होती. त्यानं त्यांना हात लावू दिला, भोंगाही वाजवू दिला.

दिवस मावळायच्या सुमारास आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. मुलगी होती. कमलम्मानं मुठीत गूळ आणून हिंदुरावच्या हातावर ठेवला आणि बाईंना मुक्कामाला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत निघाले. थंडीनं काचेवर दव आलं होतं. शकुंतलाबाई पुढंच बसल्या. इंजिन एकसारखं, सावकाश चालत होतं. सोलापूरच्या अलीकडचं वळसंग येईपर्यंत दोघंही ते ऐकत होते.